निरोपाचं बाकडं

"माणूस नोकरीसाठी जन्माला आलेला नाही! ज्या दिवशी नोकरी माणसाच्या डोक्यावर बसते, त्या दिवशी स्वाभिमानी माणसाने कुणालाही न सांगता, मागे वळून न बघता, ताठ मानेने चालू पडावं!"

एवढं बोलून कानसेनने आरशात अभिमानाने पाहिलं. आरशात अर्ध्या गालाला साबण फासलेला आणि बनियन उलटा घातलेला एक गृहस्थ उभा होता.

"अहो, झालं का भाषण?" बाहेरून बायकोचा आवाज आला. "आधी नळ बंद करा. बादली वाहतेय."

स्वाभिमानी माणसाने नळ बंद केला.

कानसेन हे त्याचं खरं नाव नव्हे, कामावरून पडलेलं. दारावरची बेल बनवणाऱ्या कारखान्यात त्याची नोकरी ऐकण्याची होती. तयार झालेली प्रत्येक बेल त्याच्या कानाशी वाजवली जायची आणि त्याने 'पास' किंवा 'नापास' एवढंच म्हणायचं. काम बसून, पगार वेळेवर, डोक्यावर पंखा. बायकोच्या मामांनी शब्द टाकून ही नोकरी मिळवून दिली होती, आणि टाकलेला तो शब्द मामा अजूनही अधूनमधून उचलून सगळ्यांना दाखवायचे.

अडचण एवढीच, की कानसेनचं तोंड आता त्याच्या ताब्यात राहिलं नव्हतं. कुकरची शिट्टी झाली की तो झोपेतसुद्धा 'पास' म्हणे. शेजारचं बाळ रडलं की 'नापास'. एकदा सासूबाई फोनवर नुसतं "हॅलो" म्हणाल्या, आणि जे व्हायचं ते झालं. घराने तेही पोटात घातलं. पण मागच्या आठवड्यात त्याची धाकटी लेक पिटुकली शाळेत शिकलेलं गाणं हात मागे बांधून म्हणायला उभी राहिली, आणि दुसऱ्याच ओळीला बापाच्या तोंडून 'नापास' निसटलं. तेव्हापासून पोरगी घरात गुणगुणतही नव्हती. गाणं ओठावर आलं, की गच्चीवर जायची आणि दार लावून घ्यायची.

म्हणून कानसेनने उशांच्या कारखान्यात नोकरी धरली होती. उशी वाजत नाही. सोमवारी हजर व्हायचं, नाही तर जागा दुसऱ्याला, असं तिथल्या लोकांनी अगदी हळू आवाजात पण स्पष्ट सांगितलं होतं. आज शनिवार. प्रश्न एकच उरला होता: मालकांना सांगून जायचं, की न सांगता?

"सांगून जा," बायको टॉवेल देत म्हणाली. "चोरासारखं काय पळायचं? मामांना तोंड दाखवायचंय मला."

"अगं, सांगितलं की जाता येत नाही तिथून."

"का? बांधून ठेवतात?"

"बांधलं असतं तर सोडवून तरी घेतलं असतं. मालक 'हो' म्हणतात!"

हे मात्र खरं होतं. मालकांनी आजवर कुणालाही अडवलं नव्हतं. कुणी नोटीस दिली की ते उठून मिठी मारत, डोळे पुसत, सगळ्यांना चहा सांगत आणि म्हणत, "आनंदाने जा. फक्त जाता जाता एवढं बघून जा."

एवढं म्हणजे अगदी एवढंसंच असायचं. एका काकांना नीट न लागणारी एक खिडकी तेवढी बघून जायची होती. खिडकी काढली तर चौकट वाकडी निघाली, चौकट काढली तर भिंत. आता काका भिंत उतरवून पायापर्यंत पोचले होते. नोटीस दिली तेव्हा त्यांचे केस काळे होते. त्यांना सगळे 'निघालेले काका' म्हणत. पॅकिंगच्या ताईचं लग्न ठरलं म्हणून तिने नोटीस दिली, तर तिला सुतळीचा गुंता तेवढा सोडवून जायला सांगितलं. लग्न तिने जेवणाच्या सुट्टीत उरकून घेतलं. अशा निघालेल्या मंडळींसाठी मालकांनी मोठ्या आपुलकीने एक वेगळं बाकडं टाकलं होतं. निरोपाचं बाकडं. त्यावर बसायला आता जागा मिळत नसे.

"म्हणजे तुम्हा लोकांना 'नाही' म्हणता येत नाही," बायकोने निकाल दिला, "आणि खापर मालकांवर."

कानसेनने उरलेला गाल घाईघाईने खरवडला.

दुपारी तो डबा घेऊन त्या बाकड्यापाशीच गेला.

"काका, सांगू की नको सांगू?"

निघालेल्या काकांच्या हातात सिमेंटने माखलेली थापी होती. "हे बघ, मी सांगितलं. सभ्यपणा केला. मालक आजही चारचौघांत म्हणतात, काकांसारखा सभ्य माणूस नाही." त्यांनी खाली पायाच्या खड्ड्याकडे पाहिलं. "पाणी लागलंय आता."

"तू जा बाबा तसाच," सुतळीतून मान वर काढत ताई म्हणाली. "मागच्या दाराने सटक. आम्ही काही बघितलं नाही."

"पण आमच्या मामांचं काय?"

"पाठव की इकडे. सरकून बसू थोडं."

कानसेनने मन घट्ट केलं. डबा काखेत मारला, छत्री घेतली, खुर्चीवरची स्वतःची गादी घेतली आणि मागचं दार गाठलं. मालकांच्या हौसेपायी कारखान्यातल्या प्रत्येक दाराला बेल होती. दार उघडलं की वाजायची. पण त्या घणघणाटात एका बेलकडे कोण लक्ष देतो? धोका बेलचा नव्हता, तोंडाचा होता. त्याने जीभ दातांत घट्ट धरली आणि दार ढकललं.

टिंग… टँक्.

शेवट चपटा होता. अगदी लाजिरवाणा चपटा.

"नापास!" कानसेन गरजला.

सगळा कारखाना थांबला. मालक धावत आले. किडकिडीत देह, सुजलेले लाल डोळे, शर्टाचं एक बटण खालच्या काजात.

"कोण नापास?"

"मागच्या दाराची बेल, मालक."

"बरं. आणि तू मागच्या दारात काय करतोयस? डबा, छत्री आणि गादी घेऊन?"

खोटं बोलायला वेळ लागतो. तो त्याच्याकडे नव्हता. "जातोय," तो म्हणाला. "कायमचा."

"सांगितलं शेवटी!" ताईने कपाळावर हात मारला आणि बाकड्यावर सरकून जागा केली.

मालकांनी मिठी मारली, डोळे पुसले, चहा सांगितला. मग विचारलं, "पण का रे? आमचं काही चुकलं का?"

कानसेनने खरं ते सांगून टाकलं. गाणं, दुसरी ओळ, गच्ची, सगळं. मालक जवळच्या खोक्यावर बसले.

"पोरीच्या गाण्याला नापास म्हणालास?"

"तोंडातून गेलं, मालक."

"आणि आता कुठे?"

"उशांच्या कारखान्यात. तिथे काही वाजत नाही."

"काहीच नाही?"

"दाबली तरी नाही."

मग उठून त्यांनी कानसेनच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला फाटकापर्यंत सोडायला निघाले. मागून सगळं बाकडं माना उंच करून बघत होतं.

"आनंदाने जा," मालक म्हणाले. "फक्त जाता जाता…"

कानसेनने डोळे मिटले. त्याला ते बाकडं दिसलं. त्यावर पांढऱ्या केसांचा कानसेन दिसला. गच्चीच्या बंद दारामागे गाणारी पिटुकली दिसली, आणि तिच्याशेजारी गाणारी तिची मुलंबाळंही दिसली.

"नाही जमणार, मालक!" तो ओरडलाच. "सोमवारी हजर व्हायचंय. पोरीचं गाणं दुसऱ्या ओळीवर अडकलंय. खिडकी, गुंता, बेल, जे असेल ते दुसऱ्याला सांगा. मी नाही!"

मागे काकांच्या हातून थापी खड्ड्यात पडल्याचा आवाज झाला. पास की नापास, हे सांगायला कानसेन विसरला.

"अरे, ऐकून तर घे," मालक ओशाळून म्हणाले. "इथलं काही नाही. तिकडचं आहे." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि सुजलेले डोळे चोळले. "डोळे मिटले की टिंग वाजतं रे कानात. कधीची झोप नाही. तिकडे एखादी नापास झालेली उशी निघाली, तर माझ्यासाठी बाजूला ठेवशील?"