सीलमध्ये सील

मी एक साचा बोलतोय. चाकणच्या कारखान्यात पत्रा दाबणारा लोखंडी साचा नव्हे हो. तो निदान पायावर पडला तर माणूस ओरडतो तरी. मी नुसता ओळींचा. एक्सएमएल नावाच्या फाइलमध्ये खुणांच्या आत खुणा करून माहिती कोंबलेली असते. ती उलगडून मी तिचं वेब पेज करून देतो. या कामात माझ्या जिवाला क्षणाची उसंत नाही.

माझा जन्म संत तुकाराम नगरातल्या एका छोट्या ऑफिसातला. मला लिहिलं दिव्यानं. चिखलीहून स्कूटीवर येणारी, नोकरीत नवी, आणि मी तिचं पहिलं स्वतंत्र काम. चाकणच्या एका कारखान्याला मशिनच्या सुट्या भागांची यादी पेजवर हवी होती. पंपात काय, पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये काय, अशी आत आत जाणारी. म्हणून दिव्यानं मला एक विद्या दिली. भागात आणखी भाग सापडला की मी स्वतःलाच हाक मारायची आणि एक पायरी खाली उतरायचं. आत काही उरलं नाही की मुकाट्यानं वर यायचं.

कारखान्याची नवी फाइल आली आणि माझा तळच नाहीसा झाला. हाक मीच मारतोय, ओ मीच देतोय, उतरतोय, पुन्हा उतरतोय. जीव नुसता कासावीस! शेवटी यंत्रानं मानगूट धरून मला थांबवलं आणि पडद्यावर लाल अक्षरं आली: फार खोल गेलात, साचा बहुधा गोल फिरतोय.

ऑफिसचे मालक नंदकिशोर सर. ‘झालं का?’ विचारत दिव्याच्या खुर्चीमागे फेऱ्या मारायची त्यांची खोड. गोल फिरल्याचा ठपका मात्र माझ्यावर! ते म्हणाले, “संध्याकाळपर्यंत पेज उघडलं नाही, तर हा साचा पुसून टाक. क्षितिज नव्यानं लिहील. पुढचं कामही तोच बघेल.”

दिव्याचा चेहरा उतरला. मी तर भेदरलोच. पुसणं म्हणजे आमच्यात मरण.

शेजारच्या टेबलावरचा क्षितिज म्हणाला, “अगं, खोलीची मर्यादा वाढव ना.” हा माणसांचा लाडका उपाय, कपाट भरलं की मोठं कपाट आणायचं. दिव्यानं वाढवली. मी आणखी खोल गेलो आणि या खेपेला अख्खं यंत्रच गोठलं. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय!

मग तिनं खरं शोधकाम सुरू केलं. प्रत्येक पायरीवर मी कुठल्या भागात आहे, त्याचं नाव पडद्यावर लिहायला लावलं. मी लिहीत सुटलो: पंप, सील, सील, सील, सील…

दिव्यानं तडक चाकणला फोन लावला. ही फाइल भरली होती तिथलं स्टोअर सांभाळणाऱ्या जयसिंगरावांनी. या वेळी भागांचे नंबर टाळून सरळ नावंच घातली होती.

“काका, सील म्हणजे नक्की काय?”

“सील म्हंजे सील. पंप गळाय लागला की बदलायचं.”

“म्हणजे रबराची रिंग?”

“व्हय, रिंग. आन् अख्खं पाकीट बी. रिंग, वॉशर, स्प्रिंग समदं एकत्र येतंय न्हाई का? त्येला बी सीलच म्हणत्यात.”

“मग कोणी नुसतं सील मागितलं, तर तुम्हाला कळतं कसं?”

“हात बघायचा की! बोटानं गोल दावला तर रिंग, मूठ दावली तर पाकीट.”

दिव्या खुदकन हसली. मला कुठलं हसू? मला हात दिसत नाहीत, नाव तेवढं दिसतं. सील नावाचं पाकीट उघडलं की आत सील. ते शोधायला गेलो की पुन्हा तेच पाकीट.

दिव्यानं दोघांना वेगळी नावं दिली. शिवाय मला शिकवलं, की उतरताना वाटेतली नावं ध्यानात ठेवायची आणि त्यातलंच एखादं पुन्हा समोर आलं तर तिथंच थांबून तसं सांगायचं. उन्हं कलायच्या आत पेज उघडलं. “झ्याक दिसतंय, पोरी!” जयसिंगराव फोनवर ओरडले.

सर खूश झाले. म्हणाले, “आता कारखान्याला कळव. साच्यात दोष होता, दूर केला.”

“पण सर, साचा बरोबर होता.”

“गिऱ्हाइकाची चूक गिऱ्हाइकाला दाखवायची नसते, दिव्या.”

तिनं तसं कळवलं. स्वतःच्या कामाला स्वतःच्याच हातानं नावं ठेवली. मला फार लागलं ते, आणि तिलाही.

घरी निघण्याआधी तिनं मला पुन्हा उघडलं. अगदी वरती, जी जागा यंत्र वाचत नाही आणि पेजवरही दिसत नाही, तिथं एक ओळ लिहिली: ‘साचा बरोबर होता. – दिव्या’.

पेज आता रोज उघडतं. माझी धाकधूक काही जात नाही. दर पायरीला वाटतं, आज तळ लागेल ना? आणि एक ना एक दिवस मला पुसायला कोणीतरी येणारच. या बापडे. फक्त पुसण्याआधी ती पहिली ओळ तेवढी वाचा.