बोकडाचं क्रिएटिनिन

रक्त नेत्राचं, दंड नेत्राचा, पण रिपोर्ट आधी गेला मिलिंदच्या मोबाईलवर. अंबरनाथ पश्चिमेच्या त्या लॅबमध्ये नाव लिहून घेताना मिलिंदने स्वतःचाच नंबर सांगितला होता. थोरला भाऊ ना तो, घरातला प्रत्येक कागद त्याच्या हाताखालून गेला पाहिजे. नेत्रा तेव्हा कापसाचा बोळा दाबून बाकावर बसली होती. तिने ऐकलं, पण म्हटलं, जाऊ दे.

त्या जाऊ दे-चं फळ तिला संध्याकाळी मिळालं. कंपनीत पॅकिंगच्या टेबलाशी उभी असताना मोबाईल थरथरायला लागला. घरच्या ग्रुपवर मिलिंदने तिचा रिपोर्ट टाकला होता. क्रिएटिनिन एक पॉइंट तीन. पुढे ठळक अक्षरात ‘जास्त’. खाली त्यानेच लिहिलेलं: ‘सगळ्यांनी नीट बघा. नेत्राची किडनी भूषणला चालणार नाही असं दिसतंय. असं कसं झालं ते नेत्राच सांगेल.’

ग्रुपवर मामा, मावशा, मावसभाऊ, पुण्याची आत्या. तिच्या रक्ताचा आकडा आत्यापर्यंत पोचला, आणि तिला अजून तो नीट वाचताही आला नव्हता.

धाकट्या भूषणच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीन वेळा उल्हासनगरला डायलिसिस. बायकोचा रक्तगट जुळत नव्हता, आईला साखर, मिलिंदला बीपी. बीपी नसतं तर मिलिंदला दुसरं काहीतरी असतंच. उरली नेत्रा. तिने कुणी विचारायच्या आधीच सांगितलं होतं, मी देते. नवऱ्याला, जितेशला, आठवडाभर समजावलं. तो शेवटी म्हणाला, “तुझा भाऊ आहे, मी कोण अडवणारा,” आणि दोन दिवस धड जेवला नाही.

एवढं करून, रिपोर्टच्या दुसऱ्या दिवशी ती सुट्टी टाकून बदलापूर गावात आईकडे गेली, तेव्हा घरात उजेड होता पण आवाज नव्हता. खाटेवर भूषण. खुर्चीत मिलिंद, हातात मोबाईल. आई, सुंदराबाई, चुलीपाशी नव्हती, दारात उभी होती. हे तिचं नेहमीचं नव्हतं.

“काय घेतलंस?” आईने विचारलं. पाणी नाही, ये नाही, बस नाही.

“कसलं काय घेतलं?”

“दादाने गूगल केलंय,” मिलिंद मोबाईल हलवत म्हणाला. स्वतःला दादा म्हणायची त्याला खोड होती. “दुखण्याच्या गोळ्या जास्त घेतल्या की क्रिएटिनिन वाढतं. तुझ्या सासरचे पहिल्यापासून खूश नव्हते. सीधी बात आहे, नसेल द्यायची तर तोंडाने बोल ना.”

नेत्राला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कानशिलं तापली. हे लोक म्हणत होते की तिने मुद्दाम गोळ्या खाऊन किडनी खराब दाखवली. भावाला मरू द्यायला.

“मी? मीच पहिली बोलले ना देते म्हणून?”

“बोलायला काय जातं,” मिलिंद म्हणाला.

“आई, तू सांग ह्याला.”

सुंदराबाईने पदर खोचला. “भूषणच्या डोक्यावर हात ठेव नि सांग, काय घेतलं नाय.”

आयुष्यभर जी बाई अंगारे-धुपारे, नवस, शपथा असल्या गोष्टींना नाकं मुरडत आली, पोरांना बाबासाहेबांचा फोटो दाखवून ‘डोकं वापरा’ म्हणत आली, ती आता लेकीला शपथ घालत होती. आणि शपथ कुणाची, तर आजारी माणसाच्या डोक्याची. नेत्रा भूषणकडे बघत राहिली. वाटलं, हा म्हणेल, सोड आई, काय लावलंयस. एवढंच म्हणाला असता तरी तिला पुरलं असतं.

भूषण भिंतीकडे बघत होता.

“नाही ठेवणार हात,” नेत्रा म्हणाली. “तुमच्या बापाची नोकर नाही मी.” बाप तिचाही तोच होता, हे गल्लीच्या टोकाला तिच्या ध्यानात आलं. हसू आलं नाही.

घरी आल्यावर जितेश म्हणाला, “बरं झालं. देव पावला. आता विषय संपला.” तिने त्याच्यावरही राग काढला. विषय कसा संपेल? भूषण मरत होता आणि ती चोर ठरली होती. दुसऱ्या दिवशी तिने मिलिंदला न सांगता, आईला न विचारता, उल्हासनगरच्या हॉस्पिटलात किडनीच्या डॉक्टर वृंदा मॅडमची वेळ घेतली.

मॅडमनी रिपोर्ट बघितला. “गोळ्या?”

“गुडघ्यासाठी, महिन्यातून एखादी. त्या आठवड्यात एकही नाही. तुम्ही पण डोक्यावर हात ठेवायला सांगणार का?”

मॅडमनी वर बघितलं. “कुणाच्या डोक्यावर?” मग उत्तराची वाट न बघता म्हणाल्या, “रक्त दिलंत त्याच्या आदल्या दिवशी काय खाल्लंत? आणि त्या दिवशी सकाळी?”

नेत्रा सांगायला लागली आणि सांगता सांगता तिचा आवाज हळू झाला. आदल्या रात्री ती आईकडेच होती. सुंदराबाईने मटण केलं होतं. साधं नाही, चांगलं पातेलंभर. लेक एवढं मोठं देणार म्हटल्यावर आईला चैन पडेना. शेजारच्या बायकांना बोलावून सांगितलं, माझ्या पोरीला बघा. ताटात वाढत राहिली, नळी चोखायला लावली, ‘उद्या रक्त काढणार, आंगात रक्त नको व्हय?’ म्हणत. आणि सकाळी लॅबला निघायच्या आधी मोठा पेला भरून पायाचं सूप, वर रात्रीचं उरलेलं मटण, भाकरी. लॅबवाल्याने उपाशी आहात का असं विचारलं नव्हतं, ह्या टेस्टला उपाशी राहावं लागत नाही म्हणाला. काय खाल्लंत, हे तर कुणीच विचारलं नाही.

वृंदा मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. “क्रिएटिनिन आपल्या स्नायूंतून येतं आणि किडनी ते बाहेर टाकते. बाहेर कमी पडलं की रक्तात साठतं, म्हणून आपण ते मोजतो. पण मटण शिजलं की त्या बोकडाच्या स्नायूंचंही क्रिएटिनिन तयार होतं. खाल्लं की ते रक्तात उतरतं आणि काही तास राहतं. मशीन फक्त आकडा सांगतं. तुमचं किती, बोकडाचं किती, ते त्याला कळत नाही.”

“म्हणजे माझी किडनी?”

“ते आता बघू. तीन दिवस मटण, चिकन, मासे बंद. मग परत रक्त द्या. सोबत सिस्टॅटिन सी नावाची टेस्ट करू. तिला तुमच्या जेवणाशी काही देणंघेणं नाही.”

ह्या वेळी नेत्राने स्वतःचा नंबर लिहिला, आणि समोरच्या मुलीकडून तो दोनदा वाचून घेतला.

क्रिएटिनिन शून्य पॉइंट आठ आलं. सिस्टॅटिनही नीट. उल्हासनगरच्या कॅम्प पाच भागात रस्त्याकडेला उभं राहून तिने रिपोर्ट ग्रुपवर टाकला, खाली एक अक्षर न लिहिता. पाच मिनिटांत अंगठे आले, फुलं आली. आत्याने ‘अभिनंदन’ लिहिलं, जणू नेत्रा बारावी पास झाली होती. माफ कर म्हणून एकानेही लिहिलं नाही. मिलिंदचा तो आधीचा मेसेज शोधायला ती वर गेली, तर तिथे नुसतं ‘हा मेसेज डिलीट केला आहे’. कुणी बोलायच्या आत पुसून मोकळा.

तिथून ती थेट बदलापूरला गेली. सुंदराबाईला सगळं सांगितलं, मटणासकट. मऊ शब्दांत वगैरे नाही, जसं डॉक्टरने सांगितलं तसं.

सुंदराबाई जमिनीवर बसली. “म्हंजे मीच घातलं तुला?”

“हो. तूच घातलंस, आणि तूच मला चोर म्हणालीस.”

आई रडायला लागली. नेत्राच्या जिभेवर ‘जाऊ दे’ आलं होतं, सवयीने. तिने ते गिळलं. पाण्याचा तांब्या आईपुढे ठेवला आणि निघाली. समजूत काढायची असेल तर मिलिंदने काढावी, त्याला सगळे कागद हाताळायची हौस आहे ना.

पुढच्या तपासण्या झाल्या, सगळ्या जुळल्या. ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलची समिती दात्याशी एकटं बोलते. टेबलापलीकडे तीन माणसं, एक कॅमेरा. भूषण आणि बाकी सगळे बाहेर. समितीतल्या पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी नेहमीचे प्रश्न विचारले. किडनी देण्यातले धोके समजले का? समजले. घरच्यांनी जबरदस्ती केली का?

“त्यांची काय बिशाद,” नेत्रा म्हणाली.

गृहस्थांनी चष्मा काढला. “ताई, तुमचा चेहरा काही वेगळंच सांगतोय. मनात काही असेल तर इथे बोला. तुम्ही नाही म्हणालात तर घरी आम्ही वैद्यकीय कारण सांगू. कुणाला कळणार नाही.”

म्हणजे सुटायला वाट होती, आणि कुणी तिला नावं ठेवली नसती.

“राग आहे मला,” ती म्हणाली. “आईचा आहे, दादाचा आहे. सगळ्यात जास्त भूषणचा आहे. मला चोर म्हणत होते तेव्हा तो भिंतीकडे बघत बसला. एक शब्द बोलला नाही माझ्यासाठी.”

“मग त्यालाच का देताय?”

नेत्राचे डोळे भरून आले, त्याचाही तिला राग आला. तिने ते मनगटाने पुसले.

“त्याला बरा करा, साहेब,” ती म्हणाली. “मला त्याच्याशी कडकडून भांडायचंय. डायलिसिसवरच्या माणसाशी कसं भांडणार मी?”