माझ्या दांडीला न कळलेले

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी वजनकाटा. तुम्हा मुलांना काही सांगावे इतके मला कळते का, याची मला खात्री नाही. तरी दीक्षाबद्दल बोलल्यावाचून राहवत नाही.

माझी उमेदीची वर्षे कळमन्याच्या बाजारात गेली. भिवापूरच्या मिरचीची पोती माझ्या पाटावर चढत. मी खरे तोलतो, असे शेतकरी म्हणत. तेव्हा संकोच वाटे, आणि बरेही वाटे. पुढे आकडे उजळणारे नवे काटे आले. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. कोणीही येऊन माझ्यावर ओली पोती वाळत घाली. नत्थू वस्ताद तरुणपणी त्याच बाजारात ओझी उचलत. त्यांनी मला मागून घेतले आणि आपल्या कुस्तीच्या व्यायामशाळेत आणले.

आता माणसे तोलायची, या कल्पनेने मी घाबरलो. पोते श्वास घेत नाही. मुले घेतात, आणि दांडी थरथरते.

दीक्षा त्या मुलांत सर्वांत चपळ. वय चौदा. सेहेचाळीस किलोच्या गटात तिच्यापुढे कोणी टिकत नसे. पण ती उंच होत होती. वस्ताद दांडीवरचे सरकते वजन सेहेचाळीसवर लावत, ती चढे, आणि दांडी वर उठे, म्हणजे वजन त्याहून जास्त. निवडचाचणी आठवड्यावर आली होती. वरच्या गटातल्या दांडग्या मुलींसमोर ही हरेल, अशी वस्तादांना धास्ती होती. त्यांनी बाजारातलाच हिशेब तिला लावला.

"मिरची वाळली का हलकी होते, अन् तिखट बी होते," ते म्हणाले. "तसंच समज."

दीक्षाने ते मनावर घेतले. दोन स्वेटर घालून ती उन्हात धावू लागली. भाकरी अर्धी झाली, मग तीही बंद. शेवटी पाणीही बंद. माझ्यावर चढण्याआधी ती बाहेर जाऊन थुंकून येई, तेवढेच कमी व्हावे म्हणून.

"आता केसं बी काप वं," मैत्रीण मिनल चिडवी. दोघी हसत. हसताना दीक्षाच्या कोरड्या ओठांतून रक्त येई.

चाचणी आमच्याच व्यायामशाळेत होती. त्या सकाळी दांडी वर उठली नाही. टाळ्या पडल्या, आणि खरे सांगतो, मलाही क्षणभर बरे वाटले. मला फक्त किती ते कळते. काय कमी झाले ते कळत नाही. चरबी, पाणी, की अंगातले बळ, दांडीला सारे सारखेच.

पहिली कुस्ती मिनलशीच होती. मिनलला रोज सहज पाडणाऱ्या दीक्षाला तिची पकड सोडवता येईना. मग तिचे पाय दुमडले. मिनलने कुस्ती सोडून तिला सावरले. दीक्षाचे डोळे उघडे होते, पण ती कोणाकडेच पाहत नव्हती.

तिला रामदासपेठेतल्या दवाखान्यात नेले. अंगातले पाणी आटले होते, मूत्रपिंडांवर ताण आला होता. वाढत्या वयात चढणारे वजन म्हणजे हाडे, उंची आणि ताकदही असते. उपाशी राहून ते उतरवले तर खेळही जातो आणि तब्येतही, असे डॉक्टरांनी समजावले. हे मला वस्तादांकडूनच कळले. माझ्या पाटावर बसून, मान खाली घालून, ते दीक्षाच्या आईला, गोपिकाबाईंना सांगत होते. गोपिकाबाईंनी सारे ऐकून घेतले.

"वाळल्या मिरचीले लढाचं नसते जी," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरीले लढाचं होतं. तिले काहून वाळवलं?"

दुसऱ्या दिवशी वस्तादांनी माझ्याशेजारी पाण्याचा माठ आणून ठेवला.

महिन्याभराने दीक्षा आली. वस्तादांनी सरकते वजन पन्नासवर नेले आणि पेला भरून तिच्या हातात दिला.

"आधी पाणी पी. मग चढ."

तिने पेला ओठांना लावला. माझ्या दांडीकडे पाहिले. आणि अर्धा पेला तसाच खाली ठेवला.

तो अर्धा पेला माझ्या मनातून जात नाही. मित्रांनो, माझ्यावर चढाल तेव्हा जेवून, पाणी पिऊन या. दांडी वर गेली तर जाऊ द्या. तिच्यावरचे वजन पुढे सरकवता येते; मला घडवणाऱ्याने ती सोय करूनच ठेवली आहे.