चार खोल्यांतले एक टेबल

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. खरे सांगायचे तर होते. आता मी चार टेबले आहे, आणि ज्याने माझी चार केली त्याच्यावर मी डूख धरून आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळ्या होतात. फाटकी छत्री करते, फुटकी पाटी करते. माझ्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि मी तर सागवानाचे आहे.

माझा जन्म एका कॉलेजात, पहिल्या वर्षाच्या मुलांच्या खोलीत झाला. कारखान्यात नव्हे, दुकानात नव्हे, त्या खोलीतच. सुताराने फळ्या आत आणून तिथेच मला जोडले, कारण जोडून झाल्यावर मी दारातून आत येणे शक्यच नव्हते. काम संपल्यावर त्याने दाराकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि डोके खाजवले.

"बाई, हे परत बाहेर निघायचं नाही हं. आधीच सांगतो."

"बाहेर काढायचंय कुणाला?" बाई म्हणाल्या.

या बाई भूगोल शिकवायच्या. मला बनवून घेण्याचा हट्ट त्यांचाच. त्यांचे म्हणणे असे, की पहिल्या वर्षाची मुले या खोलीतून त्या खोलीत जाताना आधीचा तास दाराबाहेर चपलांसारखा काढून ठेवतात, आणि परत निघताना दुसऱ्याच्याच चपला घालून जातात. म्हणून आठवड्यातून एक तास सगळ्यांनी माझ्याभोवती बसायचे. प्रत्येकाने त्या आठवड्यात शिकलेली एक गोष्ट सांगायची, आणि बाकीच्यांनी तिचे कोणी नातलग आपल्या विषयात आहे का ते शोधायचे. मुलांनी या तासाचे नाव सोयरीक ठेवले होते.

एकदा एकाने मीठ आणले. जीवशास्त्रात तो शिकला होता, की पेशीबाहेर मीठ जास्त झाले की आतले पाणी बाहेर निघून जाते. पलीकडून दुसरी म्हणाली, समुद्राचे पाणी शिरलेल्या शेतात पीक वाळते, हे आम्हाला भूगोलात आहे, पण का ते कोणी सांगितले नाही. दोघे एकमेकांकडे बघत राहिले.

"म्हणजे पीक पाण्यात उभं राहून तहानेनं मरतं?" तिने विचारले.

"जमली सोयरीक," बाई म्हणाल्या. "चला, पुढचं स्थळ आणा."

असे ते दिवस होते. मुले माझ्यावर कोपरे टेकून भांडत, शाई सांडत, डबे उघडत, आणि मला त्याचा कधी राग आला नाही. रागाचा माझा हिशेब नंतर सुरू झाला.

कॉलेजात एक नवे उपप्राचार्य आले. ते अर्थशास्त्र शिकवत. "ज्यानं त्यानं आपापला कप्पा सांभाळावा" हे त्यांचे आवडते वाक्य, म्हणून मुले त्यांना कप्पेसर म्हणत. त्यांनी येताच साऱ्या कॉलेजातल्या सामानाची मोजणी काढली. प्रत्येक खुर्ची, प्रत्येक कपाट कुठल्या ना कुठल्या विभागाचे निघाले. मी मात्र कोणाच्याच नावावर नव्हते. गणितवाले म्हणाले आमचे, भौतिकवाले म्हणाले आमचे. बाई म्हणाल्या, ते पहिल्या वर्षाचे आहे. कप्पेसर म्हणाले, पहिले वर्ष हा काही विभाग नव्हे. माझी खोली त्यांना स्वतःच्या बैठकांसाठी हवी होती. मी दारातून निघत नाही असे शिपायाने सांगितले, तेव्हा त्यांनी करवत मागवली.

कापताना ते स्वतः उभे होते, भुसा जाऊ नये म्हणून नाकावर रुमाल धरून. "चार सारखे करा," ते म्हणाले, "म्हणजे भांडणं नकोत." बाई दारात उभ्या होत्या. करवत थांबेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. माझा एक तुकडा गणिताकडे गेला, एक भौतिकशास्त्राकडे, एक भूगोलाकडे आणि एक खुद्द कप्पेसरांच्या अर्थशास्त्राच्या वर्गात. मोडक्या बाकांचे पाय काढून मला ठोकले. एकाही तुकड्याचे चार पाय सारखे नव्हते. सोयरिकीचा तास वेळापत्रकातून गेला.

तुम्ही विचाराल, चार तुकडे होऊनही मी एका तोंडाने कसे बोलते? अहो, चार बहिणी चार घरी दिल्या म्हणून काय झाले, माहेरची खबर चौघींना असतेच. मी चारही खोल्यांत ऐकत होते. आणि सूड घेत होते.

माझी कापलेली कड कोणी घासली नव्हती. कप्पेसर वर्गात माझ्या कडेला मांडी टेकून उभे राहत, आणि मी त्यांची विजार धरत असे. चर्रकन आवाज झाला की पहिल्या बाकावरची मुले खाली बघून हसत. त्यांनी चहाचा कप ठेवला की मी डुलायचे आणि चहा त्यांच्या टिपणांवर जायचा. त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा आणि माझा दिवस आनंदात जायचा. मी खोटे कशाला बोलू?

अशात पहिल्या वर्षाला एक मुलगी आली. तिला कोणी एकदम प्रश्न विचारला की उचकी लागायची, म्हणून तिचे नावच उचकी पडले. ती मावशीकडे राहायची. मावशी लोकांचे कपडे इस्त्री करून द्यायची, आणि उचकी सकाळी कपड्यांची हातगाडी चढाच्या रस्त्याने ढकलत नेऊन घरोघर पोचवायची, मग धापा टाकत वर्गात यायची. तिच्या मामाने आधीच सांगून ठेवले होते, या वर्षी नापास झाली तर कॉलेज बंद, माझ्या कारखान्यात डबे भरायला यायचे. हे ती शेजारच्या मुलीला सांगत होती तेव्हा मी तिच्या कोपराखालीच होते.

मुलगी हुशार होती. एके दिवशी कप्पेसर फळ्यावर खर्चाची वक्ररेषा काढत होते. तिने हात वर केला.

"सर, ही रेघ गणितातल्या चढासारखीच आहे ना?"

"गणिताचं गणितात विचार," कप्पेसर म्हणाले. "इथे माझा तास चालू आहे. का तिकडे झोपा काढतेस?"

वर्ग हसला. तिला उचकी लागली, तसा आणखी हसला. त्या दिवसापासून तिने हात वर करणे सोडले. मी त्याच तासाला कप्पेसरांचा अंगठा सोलला, पण त्याने तिचे काय भले होणार?

चाचणी झाली. गणितात विचारले होते, या वक्राचा चढ सर्वांत जास्त कुठे आहे. भौतिकशास्त्रात अंतराचा आणि वेळेचा आलेख देऊन विचारले होते, गाडी सर्वांत वेगात कुठे आहे. अर्थशास्त्रात विचारले होते, पुढचा नग बनवणे सर्वांत महाग कुठे पडते. भूगोलात टेकडीचा छेद काढून विचारले होते, चढायला सर्वांत अवघड कुठे. मित्रांनो, प्रश्न एकच होता. चार खोल्यांत चार वेश घालून आला होता. उचकी भूगोलात पास झाली, बाकी तिन्हीकडे नापास. मी चारही ठिकाणी होते, मला सगळे दिसत होते, आणि मला तोंड नव्हते. त्या आठवड्यात मी जेवढे दातओठ खाल्ले तेवढे कापतानाही खाल्ले नव्हते.

त्याच सुमारास कप्पेसरांची आणखी एक विजार फाटली, आणि त्यांनी फर्मान काढले, की ही चारही टेबले मोडीत काढा. शिपायांनी मला मागच्या व्हरांड्यात नेऊन टाकले. जागा अरुंद होती, म्हणून त्यांनी चारही तुकडे एकाला एक चिकटवून एका ओळीत लावले. कित्येक वर्षांनी मी स्वतःच्या शेजारी उभे होते. मला रडू येत होते आणि शिव्याही येत होत्या.

उचकी तिथेच डबा खायला आली. वर्गात बसायची तिला लाज वाटत होती. एरवी उत्तरपत्रिका ज्या त्या विभागाच्या कपाटात कुलूपबंद असत, हाही कप्पेसरांचाच नियम. पण फेरपरीक्षा जवळ आल्याने त्या दिवशी चारही विषयांच्या पत्रिका मुलांना परत दिल्या होत्या. तिने त्या माझ्यावर मांडल्या आणि डब्याचे झाकण उघडून तशीच बसली. बाई तिकडून चालल्या होत्या. त्या थांबल्या.

"टेकडीचं बरोबर आलं तुझं. कसं ओळखलंस?"

"रोज गाडी ढकलते ना, बाई. रेघ जिथे उभी होते तिथे जीव जातो."

"मग या बाकीच्यांत तुझा जीव कुठे जातो ते दाखव बरं," बाई म्हणाल्या, आणि तिच्या डब्यातला घास उचलून खात उभ्या राहिल्या.

उचकीने गणिताच्या रेघेवर बोट ठेवले. मग गाडीच्या आलेखावर. मग खर्चाच्या. प्रत्येक ठिकाणी तिचे बोट हळूहळू वर सरकले आणि रेघ जिथे सर्वांत उभी होती तिथे थांबले. तिने पुन्हा पहिल्यापासून चारही ठिकाणी बोट फिरवून पाहिले.

"बाई, हे तर आमच्याच रस्त्याचं आहे सगळं."

"मग इतके दिवस कुणाला विचारत होतीस?" बाई म्हणाल्या आणि तासाला निघून गेल्या.

गणित आणि भौतिकशास्त्राची फेरपरीक्षा लेखी होती. त्यात ती सुटली. अर्थशास्त्राची मात्र तोंडी होती, कप्पेसरांसमोर, आणि बाहेरून एक वयस्क परीक्षक आले होते. एका विषयात नापास म्हणजे वर्ष गेले, असा नियम. वर्ष गेले म्हणजे मामाचे डबे. परीक्षेसाठी टेबल हवे होते आणि नवी टेबले अजून आली नव्हती. शिपायाने माझा एक तुकडा उचलून कप्पेसरांपुढे आणून ठेवला. त्यांचे तोंड पाहण्यासारखे झाले होते.

परीक्षकांनी तिला कारखान्याच्या एकूण खर्चाचा आलेख काढायला सांगितला. तिने पेन्सिल टेकवली. त्याच क्षणी कप्पेसरांनी सवयीने माझ्यावर कोपर टेकले. मी डुलले. तिच्या रेघेत एक वेडीवाकडी पायरी उमटली. आजवर मी त्यांच्यासाठी डुलत होते, मित्रांनो, आणि आता माझे डुलणे तिच्या रेघेवर उठले. मला घट्ट उभे राहायचे होते. पण त्या पायांवर ते माझ्या हाती नव्हते.

"ही मध्येच पायरी कुठून आली?" परीक्षकांनी विचारले.

तिला उचकी लागली. मग दुसरी लागली. कप्पेसर हसले. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि श्वास घेतला.

"सर, तुमचं कोपर काढा," ती कप्पेसरांना म्हणाली. "टेबल हलतंय."

परीक्षकांनी खाली वाकून माझे पाय पाहिले. त्यांनी कागदाची घडी सरकवून पाहिली, पण ती पुरली नाही.

"शिपाई कुठे आहे?"

शिपाई चहा आणायला गेला होता.

"मग तुम्हीच धरता का जरा?" परीक्षक कप्पेसरांना म्हणाले. "मुलीचं वर्ष आहे."

आणि कप्पेसर खाली बसले. आधी उकिडवे, मग गुडघ्यांवर, कारण उकिडवे बसून जमेना. ज्या पायांवर त्यांनी मला उभे केले होते त्यातला एक त्यांनी दोन्ही हातांनी धरला. मी हलले नाही. त्यांना बोचेल असेही काही केले नाही, कारण बोचले असते तर त्यांनी सोडले असते. माझ्या आयुष्यातला सर्वांत गोड सूड मी असा गप्प राहून घेतला.

तिने नवी रेघ काढली, सुरेख आली.

"हा सपाट भाग आहे, इथे गाडी एका हाताने जाते," ती म्हणाली. "इथून चढ लागतो. मग पुढच्या प्रत्येक पावलाला आधीपेक्षा जास्त जोर लावावा लागतो. खर्चाचंही तसंच. रेघ जिथे सगळ्यात उभी, तिथे पुढचा नग सगळ्यात महाग."

"हे भूगोलात चालतं," टेबलाखालून आवाज आला. "इथे नाही."

"तुम्ही पाय धरा," परीक्षक म्हणाले. "हं, बोल मुली. हेच आणखी कुठे दिसतं?"

तिने गणितातला चढ सांगितला, भौतिकशास्त्रातला वेग सांगितला. बोलता बोलता तिची उचकी केव्हा थांबली ते तिलाही कळले नाही.

"हे सगळं एकत्र कुणी शिकवलं?"

"शिकवलं चौघांनी, सर. जोडून मात्र कुणी दिलं नव्हतं. बाईंनी एक प्रश्न विचारला, मग ते मी मागच्या व्हरांड्यात बसून जोडलं."

ती पास झाली. मामाला मावशीने निरोप धाडला, की डबे भरायला दुसरे माणूस बघ.

तर मित्रांनो, तुम्ही पहिल्या वर्षाला असाल तर एका तासातून दुसऱ्या तासाला हात हलवत जाऊ नका. मागचे काहीतरी सोबत न्या. कोणी डोळे वटारून म्हणाले, ते तिकडचे, इथे नको, तर हो म्हणा आणि खिशात घालून न्या. टेबले नीट वापरा, पुसा, वगैरे वगैरे, तेही आहेच.

माझ्याविषयी सध्या हालचाल चालू आहे. परीक्षकांनी आपल्या अहवालात काही लिहिले म्हणे, आणि सोयरिकीचा तास परत वेळापत्रकात येतो आहे. मला पुन्हा त्याच खोलीत नेऊन जोडणार आहेत. त्या तासाला दर आठवड्याला एक विभागप्रमुख बसणार, आणि पहिली पाळी कप्पेसरांची लागली आहे. येऊ देत की. माझी एकच विनंती आहे. त्यांची खुर्ची बरोबर सांध्यापाशी ठेवा, एक कोपर भूगोलात आणि एक अर्थशास्त्रात येईल अशी, आणि तास संपेपर्यंत त्यांना उठू देऊ नका.