आशालताबाईंच्या पट्ट्या

"सही करा ना ताई. एकच तर सही," कौस्तुभने कागद पुढे सरकवला.

आशालताबाईंनी पेन उचललं नाही. पिरंगुटच्या या कारखान्यात लोखंडी पत्र्यांचा गंज ॲसिडने काढून देत, आणि तिथल्या खोलीएवढ्या लॅबमध्ये त्या सव्वीस वर्षं होत्या. ॲसिडची जुनी टाकी झिजली होती. नवी स्टेनलेस स्टीलची घ्यायची, असं मालकांच्या या मुलाने ठरवून टाकलं होतं; कागदावर फक्त लॅबची मंजुरी राहिली होती.

"आठ दिवस द्या, सर. पट्ट्या ॲसिडमध्ये ठेवल्यात."

"स्टेनलेसला काय होतंय? घरातली भांडी बघा की! आणि गेटमधून कशी चकाचक दिसेल."

"घरात आपण भांड्यात आमटी ठेवतो."

कौस्तुभ कागद तिथेच ठेवून निघून गेला.

खिडकीत सैल बुचांच्या दोन बाटल्या होत्या. एकीत स्टेनलेसची पट्टी, दुसरीत जाड पांढऱ्या प्लास्टिकची. दुपारचं ऊन त्यांच्यातून टेबलावर उतरे. स्टीलच्या पट्टीवरून बारीक बुडबुडे सुटत, संथपणे वर जात. बघता बघता आशालताबाईंना वाटे, आपणच कुठल्याशा तळ्याच्या बुडाशी बसलोय. वर कुणीतरी बोलतंय, पण ते आपल्याला नाही. मशीनचा आवाजही मग दूर जाई. चौथ्या दिवशी ॲसिडला हिरवट रंग चढला. भाताच्या कोवळ्या रोपांसारखा. इतका सुंदर, की त्यांना भीतीच वाटली.

आशालताबाई सारजाबाईंच्या घरी खोली घेऊन राहत. सारजाबाईंची भातखाचरं कारखान्याच्या भिंतीला लागूनच होती. दोन वर्षांपूर्वी जुनी टाकी पाझरली, तेव्हा कडेचं अख्खं खाचर पिवळं पडलं होतं.

"नवी टाकी येतीया म्हनं," सारजाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "चांगली हाय का गं?"

"बघतेय मी."

"तू बघतीयास न्हवं? मग मला घोर न्हाई."

त्या रात्री आशालताबाईंना झोप लागली नाही.

आठव्या दिवशी कौस्तुभ आला. "झालं का तुमचं?"

त्यांनी प्लास्टिकची पट्टी चिमट्याने काढली, धुतली, पुसली, काट्यावर ठेवली. वजन पहिल्या दिवसाइतकंच. मग दुसरी बाटली उजेडात धरली. कौस्तुभ वाकून बघत राहिला.

"यातली पट्टी काढून ठेवलीत?"

"नाही. आतच आहे."

"कुठंय? दिसत नाही."

"तो हिरवा रंग आहे ना, तीच ती."

कौस्तुभने टेबलावरचा कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला.

दोन महिन्यांनी पांढऱ्या प्लास्टिकची टाकी आली. तिच्या फाइलमध्ये 'मटेरियलची निवड' या शब्दांपुढे कौस्तुभचं नाव होतं. आशालताबाईंनी ते वाचलं, एक आकडा चुकला होता तेवढा दुरुस्त केला, आणि फाइल परत दिली.

टाकी पहिल्यांदा भरायला लागली तेव्हा नारळ फुटला, टाळ्या झाल्या. मग सगळे चहाला गेले. आशालताबाई थांबल्या. सूर्य टाकीच्या मागे कलला होता, आणि त्या पांढऱ्या भिंतीतून आतल्या ॲसिडची अंधूक पिवळी रेघ दिसत होती. अगदी सावकाश, बोटबोटभर, ती वर चढत होती.