सूर्यबंध महाराजांची नळी

भर दुपारी सगळं सानपाडा गाव उन्हात बसून सूर्य बघत होतं. डोक्यावरच्या फुकटच्या सूर्याला कोण विचारतो? सूर्यबंध महाराजांचा सूर्य काचेच्या नळीत होता, लालभडक, दोन बाजूंना लोहचुंबक लावून बांधलेला. शेजारी राखेच्या परातीत हंडी. महाराज राखेवर तीर्थ ओतत आणि हंडीतलं पाणी खदखदू लागे.

"कोटी अंश उष्णता आहे, बाळांनो. कुणी हात लावायचा नाही. चुंबक हलला तर गावाची राख."

गावातले निम्मे पुरुष खाडीपलीकडच्या अणुसंस्थेत मजुरीला जात. तिथले साहेब असलंच काहीतरी कोंडतात, एवढं त्यांच्या कानावर होतं. तेवढ्या अर्धवट ज्ञानावर ते या भोंदूच्या पायावर सर्वांत आधी लोळले.

रोहिदास त्याच संस्थेत काचेच्या नळ्या जोडायचा. त्याची बहीण शांती क्षयानं खंगलेली. खाडीपलीकडच्या इस्पितळातल्या सुया महाराजांनी बंद करायला लावल्याला पंधरा दिवस झाले होते, आणि आज सकाळी तिनं रक्त थुंकलं. तरी सासूनं, चंद्राबाईनं, तिला नळीसमोर शेकत बसवलेली. रोहिदासच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"महाराज, इतका तापलेला वायू चुंबकात गप कसा बसतो?"

"मंत्रानं."

"रशिया-विलायतेत बैलगाडीएवढे चुंबक लावूनबी बसत नाय. चुलीवरच्या पेजेसारका आतल्या आत घुसळतो, भोवरं घेतो, आन् आतली उष्णता काठाला नेऊन घालवतो. पापनी लवायच्या आत थंड. तुमचा दुपारभर कसा टिकतो?"

"श्रद्धेनं. संशयी माणसानं लांब बसावं."

रोहिदास उठला. "नको रं, गाव जलंल," चंद्राबाई कळवळली. त्यानं दोन्ही चुंबक उपटले.

लोक चपला टाकून खाडीकडे पळाले. सूर्य होता तसाच जळत राहिला.

रोहिदासनं महाराजांच्या आसनाखालची चादर ओढली. खाली मोटारीची बॅटरी आणि तारेची गुंडाळी. नळी मुंबईतल्या कुठल्याशा दुकानाच्या पाटीची, आत विरळ वायू, विजेनं उजळलेला. परातीतल्या राखेखाली कळीचा चुना. पाणी पडलं की तो तापतो, हे घराला सफेदी करणाऱ्या गावाला सांगायची लाज वाटावी.

एकेक जण मान खाली घालून परतला. "हात लावायला बंदी केली, तवाच इचारायचं व्हतं," रोहिदास त्यांना म्हणाला. "डोकं गहान टाकून कुनाचा आजार बरा व्हत नाय."

शांतीला पळण्याचं बळ नव्हतं. ती जागीच बसून सगळं पाहत होती. तिनं महाराजांकडे मान वळवली.

"गाव जलनार व्हतं ना? मग तुमी का नाय पलालात?"

चंद्राबाईनं सुनेचा हात धरून तिला उठवलं आणि रोहिदासला विचारलं, "सुईसाठी होडी कवा सुटंल?"