दोन्ही डोळे उघडे

शबनूरला एकाचे दोन दिसायला लागले आणि राजारामपुरीतल्या बुटिकमधलं तिचं काम जायची पाळी आली. वीस वर्षं नवरीच्या ब्लाऊजवर मणी भरणारी बाई ती. हात असा, की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. आणि आता? तासभर सुई चालवली की कपाळ ठणकायचं, मणी जोडीनं नाचायचे, कोयरी पार वाकडी व्हायची. बुटिकवाल्या ललिताताई तोंडाच्या फटकळ. म्हणाल्या, "दोन म्हयने ब्लाऊजला नुस्त्या हुका लाव. तवर डोळं सुधारलं न्हाईत तर मणीकामाला दुसरी बाई बघणार. मग रडत येऊ नकोस."

शबनूर रडणाऱ्यातली नव्हतीच. दुसऱ्याच दिवशी तिनं डोळ्यांचा दवाखाना गाठला. चष्म्याचा नंबर काही निघाला नाही. जवळचं बघताना दोन्ही डोळे मिळून आत वळत नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि व्यायाम शिकायला अक्षता मॅडमकडं धाडलं. व्यायाम तरी कसला, तर दोऱ्यात तीन रंगीत मणी! एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचं, दुसरं नाकाशी धरायचं, आणि एकेका मण्यावर नजर रोखायची. "जन्मभर मणीच ओवले, आता नाकाला पण मणी," शबनूर करवादली. पण नेमानं करायला लागली.

तिसऱ्या आठवड्यात ती मॅडमपुढं ताठ बसली. "मणी एकच दिसतोय. दोरा पण एकच!"

"दोरा एकच?" अक्षता मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो ताई, मणी एक आणि दोरे दोन, मण्यावर फुली मारल्यासारखे दिसायला पाहिजेत. सांगितलं होतं की! दाखवा बघू करून."

शबनूरनं दोरा नाकाशी धरला आणि तिचा डावा डोळा आपसूक मिटला. सुई ओवताना एक डोळा मिटायचा, ही या कामातली रीतच. तिला अम्मीनं शिकवलेली, अंगवळणी पडलेली. वीस दिवस पाण्यात गेले! स्वतःचाच असा संताप आला, की दोरा खिडकीबाहेर भिरकावावा.

भिरकावला नाही. घरी आरसा पुढ्यात ठेवून पहिल्यापासून सुरू केलं. डोळा मिटला की स्वतःलाच शिवी. डोकं दुखायचं, मळमळायचं, दोन मणी एक व्हायचं नाव घेत नव्हते. सकाळ-संध्याकाळ ती हटून बसायची. महिनाभरानं एकदाची मण्यावर फुली दिसली, तेव्हा घरात एकटीच असूनही ती मोठ्यानं ओरडली.

मुदतीच्या दिवशी ललिताताईंनी ब्लाऊजची एक बाही ताणून बसवलेली फ्रेम पुढं सारली. "भर कोयरी." दोरा सुईत जाईना. एकदा हुकला, दोनदा हुकला.

"अगं, मिट की एक डोळा! समद्याच मिटत्यात," ललिताताई वैतागल्या.

"न्हाई मिटणार. डोळा मिटून आज पास हुईन, उद्या परत हुकाच लावत बसीन. थांबा जरा."

तिसऱ्यांदा दोरा गेला. मग एकेक मणी, सावकाश. दोन तास झाले, कपाळ ठणकलं नाही. ललिताताईंनी रांगेवरनं बोट फिरवलं. एकही मणी रांग सोडून नव्हता.

"येळ लई लागला," त्या म्हणाल्या. "पण सरळ हाय. उद्यापासनं बस फ्रेमवर."

"उद्या कशाला?" शबनूरनं मण्यांचा डबा जवळ ओढला. "दुसरी बाही राहिलीय की."